कमी जोखमीचा माणूस

मला प्रोस्टेटचा कर्करोग झाला तेव्हा मी एकसष्ट वर्षांचा होतो. आणि तो मला होण्याची शक्यता कमी आहे, असं धरून मी त्याआधीचं सव्वा वर्ष निवांत काढलं होतं.

मी सलीम मुलाणी. बिबवेवाडीत राहतो. तीस वर्षं मराठी माध्यमाच्या शाळेत भूगोल शिकवला. घरात आम्ही दख्खनी आणि मराठी मिसळून बोलतो, पण लिहायचं म्हटलं की मला मराठीच सुचतं. आजारातून उठलो त्याला आता तीन वर्षं होतील. ‘उठलो’ हा शब्द माझ्या डॉक्टरांना आवडत नाही. ते ‘सध्या ठीक’ म्हणतात. हे लिहितोय ते कुणाला उपचार सांगायला नाही, ती माझी लायकी नाही. पण त्या काळात माझ्या डोक्याचा जो गोंधळ झाला होता, तो आणखी कुणाचा होत असेल तर त्याला निदान सोबत व्हावी.

तीन ओळींचं पत्रक

निवृत्त शिक्षकांसाठी एक आरोग्य शिबिर होतं. रक्त दिलं, पोहे खाल्ले, घरी आलो. चार दिवसांनी अहवाल आला. साखर ठीक होती, कोलेस्टेरॉल ठीक होतं, आणि एका ठिकाणी पीएसए नावापुढे वर तोंड केलेला छोटा बाण होता. शिबिरातल्या डॉक्टरांनी सांगितलं, “ही प्रोस्टेटची तपासणी आहे. थोडी वाढलीय. तज्ज्ञाला दाखवून घ्या.”

लघवीला वारंवार जावं लागत होतंच. पण माझ्या वयाचे सगळेच जात होते. आमच्या सकाळच्या फिरण्याचा रस्ता कुठे मुतारी आहे ते बघूनच ठरलेला होता.

माझी मुलगी समीना इंग्लंडमध्ये एका औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. मी तिला फोन केला. तिने बरंच काही सांगितलं. या वयात ती ग्रंथी वाढतेच, त्याने आकडा वर जातो, घाबरायचं कारण नाही. मग म्हणाली, “अब्बा, आमच्या दुकानात याचं पत्रक ठेवलेलं आहे. काळ्या पुरुषांना हा कर्करोग सर्वांत जास्त होतो, त्यांच्यानंतर गोऱ्यांना. आशियाई पुरुषांना सर्वांत कमी.”

तिने त्या पत्रकाचा फोटोही पाठवला. तीन ओळी, तीन माणसांची चित्रं. आमची ओळ सर्वांत खाली.

ती ओळ मला फार आवडली. मी नोकरीला लागलो तेव्हाच्या पुस्तकात मानववंशांचा एक धडा होता. कुणाचं नाक कसं, केस कसे, कातडी कशी. दर वर्षी एखादा मुलगा विचारायचा, “सर, मग आपण यातले कोण?” मी सांगायचो, “आपण मिश्र. लिहून घ्या.” पुढे तो धडा गेला आणि ते बरंच झालं, कारण मला स्वतःला तो कधी नीट कळला नव्हता. पण समीनाच्या पत्रकात मला एक नेमकी जागा मिळाली होती आणि ती सुरक्षित होती. मी तज्ज्ञाकडे गेलो नाही. उलट, लोणी काळभोरला माझा धाकटा भाऊ रफीक असतो, त्यालाही मी ऐटीत सांगितलं, “आपल्या लोकांत हा रोग कमी.”

निदानाचा दिवस

सव्वा वर्षाने लघवी एकदा पूर्ण अडली. नळी घालावी लागली. तेव्हा कुठे मी मूत्रविकाराच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांचं नाव डॉक्टर देवधर. बोलणं मोजकं आणि कोरडं. बोटाने तपासताना त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता, मी भिंतीकडे तोंड करून पडलो होतो. पण त्यांनी हातमोजा काढून लगेच चिठ्ठी लिहायला घेतली, त्यातच मला कळलं.

मग एमआरआय, मग बायोप्सी, मग हाडांसाठी आणखी एक स्कॅन. शेवटचा अहवाल घ्यायला मी आणि माझी बायको झुबेदा गेलो. देवधरांनी कागद बाजूला ठेवला.

“मुलाणी सर, कर्करोग आहे. जातीने जरा आक्रमक आहे. ग्रंथीच्या बाहेर थोडा सरकलाय. हाडांत गेलेला दिसत नाही. बरा करायच्या उद्देशानेच आपण उपचार करणार आहोत.”

झुबेदाने विचारलं, “यांना जेवायला काय घालू?”

“रोज घालता तेच.”

मी मात्र खिशातून मोबाइल काढला आणि पत्रकाचा फोटो त्यांच्यासमोर धरला. आज आठवलं की लाज वाटते. डॉक्टर सांगताहेत रोग आहे, आणि मी त्यांना पुरावा दाखवतोय की तो नसायला हवा. “पण डॉक्टर, आशियाई पुरुषांत तर...”

त्यांनी फोटो नीट वाचला. “तुम्ही भूगोलाचे ना? आशिया केवढा आहे?”

मी मोबाइल खिशात ठेवला.

“हे पत्रक खोटं नाही,” ते म्हणाले. “तिकडे राहणाऱ्या लोकांची तिकडे केलेली मोजणी आहे ती. त्यात तुम्ही नाही. आपल्याकडे नेमका किती जणांना होतो हे कळायला आधी माणसं तपासायला यायला हवीत. ती येतात रोग हाडांत जाऊन कंबर मोडल्यावर. आणि दुसरं असं की, कमी शक्यता ही गटाची असते. माणसाला एकतर होतो, नाहीतर होत नाही. तुम्हाला झालाय.”

बाहेर आल्यावर झुबेदा म्हणाली, “ते ‘बरा करायच्या उद्देशाने’ म्हणाले. तुम्ही ऐकलंत ना ते?”

मी ऐकलं नव्हतं. मला फक्त ‘त्यात तुम्ही नाही’ एवढंच ऐकू आलं होतं. मग मी कुठे होतो?

प्रत्येकाकडे कारण

पुढचे दोन आठवडे घरी माणसं येत राहिली आणि प्रत्येकाने एकेक कारण आणलं. एकाने मटणावर बोट ठेवलं. दुसरा म्हणाला, खुर्चीवर बसून पेपर तपासल्याने होतं. एका जुन्या सहकाऱ्याने आवाज खाली आणून विचारलं, “तुमच्यात सुंता करतात ना? मग तरी?”

मी म्हटलं, “हो. तरी.”

त्याचा हेतू वाईट नव्हता. त्याने कुठेतरी वाचलं होतं. मीही तेव्हा असंच वाचत होतो. जपानी माणसाला कमी, पण तोच अमेरिकेत राहायला गेला की त्याच्या मुलांना जास्त. म्हणजे मग रक्तात आहे की पाण्यात? काळ्यांना जास्त, पण कोणत्या काळ्यांना, कुठल्या देशातल्या? कुठे म्हणे शरीराचा दोष, कुठे म्हणे डॉक्टरपर्यंत पोचता न येण्याचा. मी वही घेऊन टिपणं काढायला बसलो. तीस वर्षं मुलांना नकाशे शिकवले, पण या नकाशात मला माझं गाव सापडत नव्हतं. झुबेदाने चौथ्या दिवशी वही कपाटात टाकली आणि म्हणाली, “परीक्षा नाहीये. इंजेक्शन आहे उद्या.”

इंजेक्शन

ते दर तीन महिन्यांनी घ्यायचं इंजेक्शन शरीरातलं पुरुषी संप्रेरक बंद करतं. कर्करोग त्याच्यावर जगतो म्हणून त्याला उपाशी ठेवायचं. डॉक्टरांनी परिणाम सांगितले होते, पण सांगणं वेगळं आणि होणं वेगळं.

डिसेंबरात मी गंजिफ्रॉकवर बसून घाम पुसत असे. छातीला हात लागला तरी दुखायचं. दूरदर्शनवर स्वयंपाकाच्या स्पर्धेत एका बाईचा केक बसला, तर मला रडू आलं. झुबेदा बघत होती. ती उठली, पंखा मोठा केला आणि म्हणाली, “मला पन्नाशीत हेच होत होतं. तेव्हा तुम्ही म्हणायचात, थंडीत पंखा कशाला.”

मी तिची माफी मागितली. दहा वर्षं उशिरा.

पुरुषपणाचं जे जायचं ते गेलं. हे लिहिताना अजून अवघड जातं, पण हे कुणीच लिहीत नाही म्हणून लिहितो. मी महिनाभर वेगळ्या खोलीत झोपलो. कारण विचारल्यावर ‘घाम येतो’ म्हणायचो. एका दुपारी झुबेदाने माझी उशी उचलून आपल्या खोलीत नेली. आजारपणात ज्या थोड्या गोष्टी चांगल्या झाल्या, त्यातली ही एक.

इद्रीससाहेब

मग रेडिएशन सुरू झालं. सोमवार ते शुक्रवार, सात आठवडे. किरण देताना मूत्राशय भरलेलं लागतं. म्हणून पोचल्यावर मोजून पाणी प्यायचं आणि पाऊण तास धरून बसायचं. मार्केट यार्डातल्या कोंडीत बस अडकली की मला आधी पाण्याच्या वेळेची काळजी वाटायची. प्रतीक्षागृहात आम्ही सात-आठ पुरुष पाय आवळून बसलेले असू. मशीन बंद पडलं आणि अर्धा तास थांबा असं सांगितलं, तर सगळ्यांच्या तोंडून एकदम कण्हल्यासारखा आवाज निघे.

तिथे माझ्या शेजारी इद्रीससाहेब बसायचे. चाळीस वर्षांपूर्वी ते सुदानहून पुण्यात कॉलेजला आले, इथल्याच मुलीशी लग्न केलं आणि कोंढव्यात राहिले. अरबी शिकवतात. उंच, काळेभोर, आवाज मऊ. मराठी इतकं चांगलं की पाण्याच्या टाकीपाशी घुसणाऱ्या एका गृहस्थाला त्यांनी शांतपणे म्हटलं होतं, “आपण रांग बघितली नसेल, असं मी समजतो.” तो गृहस्थ मागे गेला.

पहिल्याच आठवड्यात मी त्यांना माझ्या पत्रकाची गोष्ट सांगितली. ते बराच वेळ हसले. हसवू नका, सांडेल, असं म्हणत हसले.

“माझं उलटं झालं,” ते म्हणाले. “माझा चुलतभाऊ अमेरिकेत असतो. त्याला हा रोग झाला. तिथल्या डॉक्टरने सांगितलं, तुम्हा काळ्या लोकांत हा जास्त होतो, भावांना तपासायला सांग. त्याचा मला फोन आला. मी म्हटलं, आपण काळे कधीपासून झालो? आमच्या गावात आम्ही स्वतःला अरब म्हणवतो. तो म्हणाला, इथे उतरलो तेव्हापासून. तू वाद घालू नकोस, रक्त तपास.”

“मग?”

“तपासलं. सापडला. अगदी लहान, ग्रंथीच्या आतच.” त्यांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. “पुण्यात मला सगळे आफ्रिकन म्हणतात. घरी गेलो तर लोक विचारतात, हिंदुस्थानी झालास का? माझ्या मुलांचं काय लिहायचं, त्यांची आई रास्ता पेठेतली. पण त्या अमेरिकन डॉक्टरला मी दुवा देतो.”

मी हिशेब लावायचा प्रयत्न केला. ज्याला जास्त धोका, त्याचा लवकर सापडला. ज्याला कमी, त्याचा उशिरा. म्हणजे जास्त धोक्याचाच माणूस सुरक्षित? मी त्यांना हे बोलून दाखवलं.

“मुलाणीसाहेब,” ते म्हणाले, “तुमचा नंबर पुकारताहेत. आधी जाऊन या.”

रझिया खाला

रेडिएशन अर्ध्यावर आलं होतं तेव्हा देवधरांनी विचारलं, “आईकडे कुणाला कर्करोग होता? स्तनाचा, अंडाशयाचा?”

“डॉक्टर, मी प्रोस्टेटसाठी येतोय.”

“माहीत आहे मला. काही घराण्यांत एकच जनुक बिघडलेलं असतं. बायकांना स्तनाचा होतो, पुरुषांना प्रोस्टेटचा, तोही जरा आक्रमक. म्हणून विचारतोय.”

अम्मी पोटात पाणी होऊन गेली, असं घरात म्हणत. तिची बहीण रझिया खाला चाळिशीतच गेली. कशाने, ते मला माहीत नव्हतं. तेव्हा मी पुण्यात कॉलेजात होतो. रफीक अम्मीजवळ होता.

म्हणून मी लोणी काळभोरला गेलो. रफीकचं सोलापूर रस्त्यावर शेती अवजारांचं दुकान आहे. त्याने चहा मागवला. मी विचारलं, पण तो गिऱ्हाईक गेल्यावर बोलला.

“छातीत गाठ व्हती खालाच्या. फुटली व्हती शेवटी. अम्मी मला घिऊन जायची, ड्रेसिंगला मदत म्हणून. मला म्हणली, कुणाला बोलायचं न्हाई, तिच्या पोरींची लग्नं व्हायची हायत. म्या न्हाई बोललो.”

“मलासुद्धा नाही?”

“कुणाला म्हंजी कुणाला.”

तो तेव्हा अकरा-बारा वर्षांचा असेल. चाळीस वर्षं त्याने ते आत ठेवलं होतं. मला त्याचा राग आला, आणि पुढच्याच क्षणी कळेना की राग नेमका कुणाचा आलाय.

मी म्हटलं, “रफीक, तू पण रक्त तपास.”

“मला काय बी झालेलं न्हाई, भाई. आन् तुम्हीच सांगितलं व्हतं, आपल्यात हे व्हत न्हाई म्हणून. म्या समद्या गावाला सांगून बसलोय.”

अर्थ निश्चित नाही

माझी जनुकांची तपासणी झाली. अहवाल समजावायला एक तरुण समुपदेशक होत्या, नेहाताई. त्यांनी खुर्ची माझ्या बाजूला ओढली, तेव्हाच मला वाटलं की काहीतरी वाईट आहे. पण वाईटही नव्हतं आणि चांगलंही नव्हतं.

“सर, त्या जनुकात एक बदल सापडलाय. तो घातक आहे की नाही, हे आज सांगता येत नाही.”

“म्हणजे यंत्राला कळलं नाही?”

“यंत्राला बदल दिसला. त्याचा अर्थ लावायला आधीच्या लोकांच्या नोंदींशी ताडून बघतात. त्या नोंदी बहुतेक युरोपातल्या लोकांच्या आहेत. तुमच्यासारखे लोक त्यात थोडे. युरोपातल्या लोकांत हा बदल दिसत नाही, म्हणून तो संशयित. कदाचित दोषी असेल, कदाचित काहीच नसेल.”

“मग मी काय समजू?”

“अर्थ निश्चित नाही, असं समजायचं.”

“आणि माझी मुलगी?”

त्यांनी सांगितलं, या कागदावरून मुलीचं काहीही ठरवायचं नाही. पण आजीच्या पोटातलं पाणी कदाचित अंडाशयाच्या कर्करोगाचं असेल, आणि आजीच्या बहिणीला तर गाठच होती, हे बघता तिने स्तनांची तपासणी लवकर आणि नियमित सुरू करावी. मी मान हलवत होतो. शाळेत ज्याला काही कळलेलं नसतं तो मुलगा जशी हलवतो, तशी.

समीना तीन आठवड्यांची रजा काढून आली. तोवर तिला मी फोनवर अर्धंच सांगत होतो. ती आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं गच्चीत बसलो होतो, झुबेदा खाली भाजी आणायला गेली होती. समीनाने विचारलं, “अब्बा, ते पत्रक मी पाठवलं नसतं, तर तुम्ही लगेच डॉक्टरकडे गेला असता?”

हा प्रश्न ती कधीतरी विचारणार हे मला माहीत होतं. मी उत्तर तयार ठेवलं होतं: नाही बेटा, तुझा काय संबंध. पण तिचा चेहरा बघून ते खोटं तोंडातून निघेना.

“माहीत नाही,” मी म्हटलं. “मला जायचं नव्हतं. तुझ्याकडून एक कारण मिळालं, ते मी घेतलं. तुझ्याकडून मिळालं नसतं तर दुसरीकडे शोधलं असतं.”

“मी ‘तरी एकदा दाखवून घ्या’ म्हणाले होते. शेवटी. फोन ठेवायच्या आधी.”

“म्हणाली असशील.”

“म्हणाले होते अब्बा.”

मला आठवत नाही. आजही नाही. ती म्हणाली असेल आणि मी ऐकलं नसेल, हे अगदी शक्य आहे. किंवा तिला आता तसं वाटत असेल, तेही शक्य आहे. आम्ही दोघंही खरं बोलत होतो आणि गोष्टी दोन होत्या. ती रडली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. इंजेक्शनमुळे मीही रडलो. निदान मी तिला कारण तेच सांगितलं.

रफीकचा आकडा

जायच्या आधी समीना काकाला भेटायला लोणीला गेली. तिथे काय बोलणं झालं, मला तिने पूर्ण सांगितलं नाही. पण दोन दिवसांनी रफीक सकाळीच दारात उभा. धुतलेला शर्ट, डोक्याला तेल.

“कुठं द्यायचं रक्त?” म्हणाला. “पोरगी म्हणाली, चाचा, मी बाई असून तपासून घेनार हाय. तुम्हाला काय मोडलंय?”

त्याचा आकडा अगदी साधा निघाला. देवधरांनी तपासलं आणि सांगितलं, दर वर्षी येत जा, आज काही नाही. रफीकने मला जिन्यातच मिठी मारली. मीही त्याची पाठ थोपटली.

मला आनंद झाला. आणि खरं लिहायचं ठरवलंय म्हणून लिहितो, त्या आनंदाखाली आणखी काहीतरी होतं. एकच आई, एकच बाप, एका ताटात जेवलो, एका विहिरीचं पाणी प्यालो. तो माझ्याहून जास्त बिड्या ओढतो. मग मलाच का? घरी येऊन मी जेवलो नाही. झुबेदाने विचारलं तर म्हटलं, भूक नाही. तिने ताट झाकून ठेवलं आणि म्हणाली, “त्याला झाला असता तर भूक लागली असती का?” मी उठून जेवलो.

फोन

रेडिएशन संपलं. इंजेक्शनं दोन वर्षं चालली आणि मग थांबली. माझा पीएसए खाली गेला आणि खालीच राहिला. अंगावरचे केस पुन्हा जरा दाट झाले, घाम कमी झाला. समीनाची तिकडे दर वर्षी तपासणी होते, आजवर स्वच्छ आहे.

गेल्या वर्षी नेहाताईंचा फोन आला. “सर, तुमच्या त्या बदलाचा अर्थ लागलाय. तो निरुपद्रवी आहे.”

“कसं कळलं?”

“आता आपल्याकडच्या बऱ्याच लोकांच्या नोंदी जमा झाल्यात. त्यांच्यातल्या अनेक निरोगी माणसांत हाच बदल आहे. तिकडच्या नोंदींत तो नव्हता, म्हणून वेगळा वाटला. इथे तो अगदी साधा आहे.”

“आपल्याकडच्या म्हणजे कुणाच्या? आमच्या लोकांच्या?”

“सगळ्यांच्या, सर. ज्यांनी ज्यांनी रक्त दिलं त्यांच्या. त्यात नावं नसतात.”

मी आभार मानले आणि फोन ठेवला. मुलीवरचं एक सावट गेलं होतं, त्यासाठी अल्लाचा शुक्र अदा केला. पण दोन वर्षं मी त्या बदलाला माझ्या आजाराचं कारण मानून चाललो होतो. मटण नाही, वंश नाही, नशीब नाही, तर अम्मीकडून आलेलं जनुकातलं एक अक्षर. त्याच्याशी माझं जुळलं होतं. आता तेही निर्दोष सुटलं. समीनाने विचारलं, “मग मी तपासणी बंद करू?” मी म्हटलं, “नको. तुझ्या डॉक्टरला विचार. खालाची गाठ तर खरीच होती.” ती म्हणाली, “मग खालाला कशाने झाली?”

सोमवार

इद्रीससाहेबांशी माझी मैत्री टिकली. महिन्यातून एकदा आम्ही भेटतो. ज्यांचा रोग लहान असताना सापडला, ज्यांच्याबद्दल मला कधीच काळजी वाटली नाही, त्यांचा पीएसए या उन्हाळ्यात पुन्हा वर चढू लागला. तीन महिन्यांच्या अंतराने दोनदा तपासला, दोन्ही वेळा आधीपेक्षा जास्त. त्यांनी मला बरोबर येता का म्हणून विचारलं. बायकोला एवढ्यात सांगायचं नव्हतं.

देवधरांनी दोन्ही कागद शेजारी ठेवून बघितले. इद्रीससाहेब ताठ बसले होते. त्यांनी त्यांच्या त्या मऊ आवाजात विचारलं, “डॉक्टर, माझा लवकर सापडला होता. मी एकही दिवस चुकवला नाही. हे आमच्या लोकांमुळे आहे का? आमच्यात हा जास्त हट्टी असतो, असं चुलतभाऊ म्हणतो.”

मला वाटलं, आता डॉक्टर काहीतरी कोरडं बोलतील. पण त्यांनी खुर्ची इद्रीससाहेबांकडे वळवली.

“असं म्हणणारे आहेत,” ते म्हणाले. “नाही म्हणणारेही आहेत. तुमचा का परत आला आणि यांचा का आला नाही,” त्यांनी माझ्याकडे हात केला, “हे मला माहीत नाही. पुढे काय करायचं ते माहीत आहे. आधी एक स्कॅन करू. उपाय आहेत, एकाहून जास्त आहेत. सोमवारी नऊ वाजता याल?”

इद्रीससाहेबांनी खिशातून छोटी डायरी काढली आणि सोमवारच्या पानावर वेळ लिहिली. आधी अरबीत लिहिली, मग तिच्या खाली मराठीत. का ते मी विचारलं नाही. जिना उतरताना ते कठड्याला धरून दोन पायऱ्या थांबले.

“मुलाणीसाहेब, ते म्हणाले मला माहीत नाही. तुम्ही ऐकलंत?”

“हो.”

“चांगला डॉक्टर आहे,” ते म्हणाले, आणि पुढची पायरी उतरले. “पण मला भीती वाटते.”

मी त्यांचा दंड धरला. मला त्यांना काहीतरी सांगायचं होतं, कुठला तरी आधार द्यायचा होता, पण माझ्याजवळ जेवढी कारणं होती ती एकेक करून सगळी गळून गेली होती. म्हणून मी म्हटलं, “मलाही वाटते. घरी सांगा आज. झुबेदाला मी माझी भीती आधीच सांगितली असती, तर चार दिवस लवकर झोप लागली असती.”

त्यांनी त्याच संध्याकाळी बायकोला सांगितलं. सोमवारी आम्ही तिघं गेलो.